पत्रकाराचा पगार थकला तर दाद कुठे मागायची?

प्रश्न : आम्ही पुणतांब्याचे, तालुका राहाता. मुलगा दोन वर्षांपासून नगरला एका दैनिकाच्या कार्यालयात उपसंपादक आहे. दुपारी चारला कामावर जातो, रात्री एक-दीडला खोलीवर येतो. पगार तोंडी ठरला, नेमणुकीचं पत्र आजवर मिळालेलं नाही. आता चार महिन्यांचा पगार थकलाय. त्याआधी 'पुरवणीच्या जाहिराती आणल्या नाहीस' म्हणून दोनदा पैसे कापले. विचारायला गेला की साहेब सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलतात. 'तू पत्रकार आहेस, कारखान्यातला कामगार नाहीस,' असं सुनावतात. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तर 'हा आमचा विषय नाही' म्हणून परत पाठवलं. पत्रकारांसाठी सरकारनं संरक्षण कायदा केलाय ना? मग तो याला का लागू होत नाही? आणि आमच्या शेजारचा वार्ताहर पंधरा वर्षं गावातून बातम्या पाठवतो, त्याला तर मानधनही धड मिळत नाही. त्यानं काय करावं?

– एक वाचक, पुणतांबा

उत्तर : तुमच्या एका पत्रात पाच-सहा प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. ते एकेक करून सोडवू. पण त्यांच्या मुळाशी असलेला पेच आधी मांडतो. १ जून २०१७ रोजी तुमच्या गावातून शेतकऱ्यांचा संप उभा राहिला, तेव्हा पुणतांब्याचं नाव राज्यभरच्या पेपरांच्या पहिल्या पानावर गेलं. घाम गाळूनही मालाचे दाम हाती येत नाहीत, ही ती तक्रार होती. अशी तक्रार जगापुढे मांडणाऱ्या कचेरीतच एखाद्याच्या कामाचे दाम अडकले, तर ती बातमी कोण छापणार आणि त्यानं जायचं कुठे, हे तुम्हाला विचारायचं आहे.

सर्वांत आधी पोलीस ठाण्याचं. तिथे तुम्हाला मिळालेलं उत्तर कोरडं असलं तरी चुकीचं नव्हतं. पगार न देणं हा साधारणपणे फौजदारी गुन्हा मानून पोलीस त्याचा तपास करत नाहीत. तो कामगार खात्याचा विषय आहे. तुम्ही म्हणता तो संरक्षण कायदा महाराष्ट्र विधिमंडळानं २०१७ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९ मध्ये तो अमलात आला. पण तो आहे हल्ल्यांपुरता. बातमीच्या कामावर असलेल्या माणसाला कोणी मारहाण केली किंवा माध्यमसंस्थेच्या मालमत्तेची नासधूस केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाहेरच्या गुंडापासून तो पत्रकाराला वाचवतो. मालकानं पगार थकवला तर त्याचा उपयोग नाही. हा घोळ अनेकांचा होतो, कारण कायद्याला लोकांनी दिलेलं नाव फार मोठं आहे.

मात्र पोलिसांनी हात झटकू नयेत अशी एक गोष्ट पगाराच्या व्यवहारातही असते, ती म्हणजे भविष्यनिर्वाह निधी. मुलाच्या पगारातून पीएफ कापला जात असेल, तर तो खात्यात खरोखर जमा होतो का, हे त्यानं आपला यूएएन क्रमांक टाकून पासबुकात पाहावं. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा मालकानं भरलाच नाही, तर कायदा त्याला विश्वासघात मानतो आणि तिथे फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असतील, तर पीएफ लागू होतो.

आता 'तू कामगार नाहीस' या वाक्याकडे येतो. तुमच्या मुलाचं खरं नुकसान याच वाक्यानं केलं आहे, म्हणून इथे थोडं थांबू. स्वातंत्र्यानंतर वृत्तपत्रसृष्टीची पाहणी करायला केंद्र सरकारनं १९५२ मध्ये पहिला वृत्तपत्र आयोग नेमला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. आयोगाचा अहवाल १९५४ मध्ये आला. पत्रकारांचे तुटपुंजे पगार आणि नोकरीची बेभरवशाची अवस्था त्यानं सरकारपुढे ठेवली. त्यातून १९५५ च्या डिसेंबरमध्ये श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. औद्योगिक कामगाराला तंट्यांच्या कायद्यानं जे संरक्षण मिळतं, तेच श्रमिक पत्रकारालाही मिळेल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. संपादक, उपसंपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार, अगदी मुद्रितशोधकसुद्धा या व्याख्येत होते. प्रामुख्यानं व्यवस्थापनाचं किंवा देखरेखीचं काम करणारे तेवढे वगळले होते. म्हणजे हा वाद संपून सत्तर वर्षं झाली.

मालकांनी तो कायदा निमूट मान्य केला असं मात्र नाही. पगार ठरवायला न्यायमूर्ती दिवटिया यांचं वेतन मंडळ नेमलं गेलं, तेव्हा वृत्तपत्रांच्या कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पत्रकाराचा पगार सरकारनं ठरवणं हा वृत्तपत्रस्वातंत्र्यावर घाला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९५८ च्या निकालात न्यायालयानं तो मानला नाही. वेतन मंडळाचे दर तेवढे रद्द केले, कारण मंडळानं वृत्तपत्रांची देण्याची ऐपत नीट तपासली नव्हती. कायदा मात्र एखादी बारीक तरतूद वगळता टिकला. लिहिण्याचं स्वातंत्र्य आणि लिहिणाऱ्याचा पगार यांत विरोध नाही, ही गोष्ट तेव्हापासून कायद्यानं पक्की आहे.

त्यानंतर शिंदे, पालेकर, बच्छावत, मणिसाना अशी वेतन मंडळं आणि न्यायाधिकरणं येत गेली. शेवटचं न्यायमूर्ती मजिठिया यांचं. त्याच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या. पुन्हा कंपन्या न्यायालयात गेल्या, त्यांत आनंदबाजार पत्रिकेची कंपनी पुढे होती. ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शिफारशी कायम केल्या आणि मागची थकबाकी एका वर्षाच्या आत चार हप्त्यांत द्यायला सांगितली. अनेक ठिकाणी ती दिली गेली नाही, म्हणून देशभरातले पत्रकार अवमान याचिका घेऊन परत गेले. त्यांचा निकाल लागला १९ जून २०१७ रोजी, म्हणजे तुमच्या गावचा संप पेटला त्याच महिन्यात.

त्या निकालातले दोन मुद्दे तुमच्या मुलाच्या साहेबांना माहीत असायला हवेत. एक, कंत्राटी पत्रकारही मजिठियाच्या वेतनाला पात्र आहेत. दोन, 'मला कमी पगार मान्य आहे' अशा कागदावर सही घेऊन मालकाला ठरलेल्या दराखाली जाता येत नाही. न्यायालयानं कोणाला अवमानाची शिक्षा केली नाही, ही पत्रकारांची मोठी निराशा होती. कोणाचे किती पैसे निघतात ते कामगार खातं आणि कामगार न्यायालयाकडून ठरवून घ्या, असं सांगून त्यांना परत जिल्ह्यांत पाठवलं. मला विचाराल तर तिथेच बहुतेकांचा धीर सुटला. दिल्लीत निकाल लागून गल्लीत पैसे मिळत नाहीत, याचा हा जिवंत दाखला आहे.

'आमचा पेपर लहान आहे, हे मोठ्यांसाठी आहे' हाही एक समज जिल्हास्तरावर सर्रास पसरवला जातो. मजिठियानं वृत्तपत्रांचे उलाढालीनुसार आठ वर्ग केले होते. पहिला वर्ग वर्षाला १,००० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त उलाढालीचा, आठवा १ कोटीपर्यंतच्या उलाढालीचा. लहानांसाठी दर कमी होते, पण सूट नव्हती. 'आम्ही तोट्यात आहोत' हेही असंच. सलग तीन वर्षं जबर रोख तोटा सोसणाऱ्या संस्थेला फक्त मागच्या थकबाकीपुरती सवलत होती, तीही हिशेबानं सिद्ध करायची. आणि तुमच्या मुलाचा प्रश्न तर मजिठियाचाही नाही. तोंडी का होईना, जो पगार ठरला तोच त्याला मिळत नाही. तिथे नफा-तोट्याचा मुद्दा येतच नाही.

आता आजच्या कायद्याकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९५५ चा कायदा रद्द झाला. हे ऐकून काही कार्यालयांत 'आता पत्रकारांचा कायदाच राहिला नाही' असं सांगितलं जाईल. ते अर्धसत्य आहे. श्रमिक पत्रकाराची व्याख्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत घेतलेली आहे. उलट तिच्यात रेडिओ, टीव्ही आणि डिजिटल माध्यमांतले पत्रकारही आले. रद्द होण्याआधी निर्माण झालेलं देणंही त्यानं बुडत नाही. गेलं आहे ते वृत्तपत्रांचं वेतन मंडळ. नव्या संहितांत त्याची सोय नाही, आणि पत्रकार संघटनांचा त्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. महागाई वाढेल तसे पत्रकारांचे पगार कोणी स्वतंत्रपणे तपासायचे, याला आता उत्तर नाही.

थकलेल्या पगारासाठी मात्र वेतन संहिता, २०१९ पुरेशी आहे, आणि काही बाबतींत ती जुन्या कायद्यापेक्षा कामगाराच्या सोयीची आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा. पूर्वी वेतन प्रदान कायद्याला महिना २४,००० रुपयांची मर्यादा होती, ती आता नाही. दावा करायला पूर्वी एक वर्ष मिळायचं, आता तीन वर्षं मिळतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. 'दिला नाही' हे मुलानं सिद्ध करायचं नाही, 'दिला' हे त्यांनी दाखवायचं.

जाहिरातींसाठी केलेली कपात तर सरळ बेकायदा आहे. पगारातून काय कापता येतं याची यादी संहितेतच आहे : गैरहजेरी, उचल, कर, भविष्यनिर्वाह निधी, निष्काळजीपणानं झालेलं नुकसान वगैरे. 'टार्गेट पुरं केलं नाही' हे त्या यादीत नाही. दंड करायचा तर तो आधी मंजूर करून जाहीर केलेल्या चुकांबद्दलच, संबंधिताला बाजू मांडायची संधी देऊन, आणि पगाराच्या तीन टक्क्यांपर्यंतच. जिल्ह्यातल्या पत्रकारितेत वर्धापनदिनाची पुरवणी आणि दिवाळी अंक जवळ आले की बातमीदाराच्या खिशात पावतीपुस्तक येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पतसंस्था, दुकानदार असे उंबरे तो झिजवतो. ज्यांच्यावर उद्या बातमी करायची, त्यांच्याकडेच आज शुभेच्छांची जाहिरात मागायची. यात पत्रकाराच्या खिशाइतकंच वाचकाचंही नुकसान आहे, आणि म्हणून ही कपात मला नुसत्या थकबाकीपेक्षा अधिक वाईट वाटते.

कामाच्या वेळेबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. श्रमिक पत्रकाराकडून लागोपाठच्या चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि सात दिवसांत सलग २४ तासांची सुट्टी द्यावी लागते. आठवड्याला सहा दिवस धरले तर दिवसाला सहा तास होतात. ही तरतूद जुन्या कायद्यात होती, नव्या संहितेतही ठेवली आहे. दुपारी चार ते रात्री एक म्हणजे नऊ तास. जेवणाचा वेळ वजा केला तरी हिशेब जुळत नाही. साप्ताहिक सुट्टीचा विषय निघालाच आहे, तर एक आठवण करून देतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे हे 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादक होते. मराठी वृत्तपत्र आणि कामगाराचा हक्क यांचं नातं इतकं जुनं आहे.

'पत्रकारिता ही सेवा आहे, पैशासाठी करायची नसते' असंही मुलाला ऐकवलं गेलं असेल. त्यागाची मोठी परंपरा आपल्या जिल्ह्यातच आहे. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' हे सत्यशोधक साप्ताहिक आधी सोमठाण्याहून, मग नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून, खेड्यात बसून आयुष्यभर चालवलं. पण ते स्वतःच्या पत्राचे संपादक होते आणि झळ स्वतः सोसत होते. तो त्याग त्यांनी आपल्या विचारासाठी स्वतः निवडला होता. दुसऱ्याच्या धंद्यात नोकरी करणाऱ्या तरुणाकडून तोच त्याग पगार थकवून वसूल करता येत नाही. मालकाला सेवा करायची असेल तर त्यानं ती स्वतःच्या खिशातून करावी.

नेमणुकीचं पत्र नाही म्हणून मुलगा घाबरला असेल, तर त्याला सांगा की पत्र देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणं नव्या संहितेनं बंधनकारक केलंय. आधीपासून कामावर असलेल्यांनाही ते तीन महिन्यांत द्यायचं होतं. पत्र नसलं तरी नोकरी सिद्ध होते. बँकेत पूर्वी जमा झालेले पगार, ओळखपत्र, हजेरीचा फोटो, त्याच्या नावानं छापून आलेल्या बातम्या, कार्यालयाच्या ई-मेलवरून गेलेली पानं, हे सगळं पुरावाच आहे. त्यातही व्हॉट्सॲपचा ग्रुप फार बोलका असतो. रात्री पावणेबाराला 'पान चार अजून का सुटलं नाही' असा साहेबांचा निरोप येतो, बारा वाजून दहा मिनिटांनी 'सुटलं सर' असं उत्तर जातं. त्यात तारीख असते, वेळ असते आणि कोण कोणाला काम सांगतं हेही असतं. असे निरोप पुसू नयेत, फोन बदलला तरी जुना जपून ठेवावा. वाद सुरू झाला की आधी ग्रुपमधून काढून टाकतात, म्हणून हे काम आजच करावं.

मग पुढची पायरी. थकलेले महिने, ठरलेला पगार, कापलेली रक्कम असा एका पानाचा हिशेब करून मुलानं आधी कार्यालयाला लेखी मागणी द्यावी. स्पीड पोस्टानं पाठवून पावती ठेवावी, ई-मेलही करावा. भाषा साधी हवी. त्यात राग नको, साहेब काय बोलले तेही नको, फक्त रक्कम आणि तारखा. पंधरा दिवसांत काही झालं नाही, तर नगरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करावा. संहितांनंतर दावा ऐकणारा अधिकारी कोण आणि अर्जाचा नमुना कोणता, हे तिथेच विचारून घ्यावं. अर्ज कामगार स्वतः करू शकतो, त्याची युनियन करू शकते, कामगार खात्याचा निरीक्षकही करू शकतो. देणं मान्य झालं तर त्याखेरीज मान्य झालेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. दहापट मिळतेच असं नाही, पण हा आकडा समोर असला की बरेच मालक तडजोडीला येतात. तरीही पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी ती वसूल होते. गावात महसुलाची जप्ती काय असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागता येते. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तर तिथे उत्पन्न न पाहता वकील मिळू शकतो. पत्रकारांच्या संघटनांचंही दार ठोठावावं. एकट्यानं केलेला अर्ज कार्यालय टाळू पाहतं, चार जणांनी मिळून केलेला टाळणं अवघड जातं. डेस्कवर, छपाईत, वितरणात आणखी कोणाकोणाचे पगार थकलेत, हे मुलाला नक्की माहीत असेल.

अपमानाबद्दल मात्र मला तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही. साहेब ओरडतो, सर्वांदेखत पाणउतारा करतो, एवढ्यावर चालणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. पण काही प्रकारांत आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान केला, तर अत्याचार प्रतिबंध कायदा लागू होतो. स्त्री कर्मचाऱ्याशी लैंगिक स्वरूपाचं वागणं झालं, तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. माणसं कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तालुक्याच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या मुलींना ही स्थानिक समिती असते हेच कोणी सांगितलेलं नसतं. मुलाच्या बाबतीत यांतलं काही नसेल, तर त्यानं बोलण्याला उत्तर देत बसू नये. त्या दिवसाची तारीख, वेळ आणि समोर कोण होतं, एवढं वहीत लिहून ठेवावं. पगार मागितल्यावर छळ सुरू झाला असा क्रम त्यातून दिसला, तर दाव्यात त्याला वजन येतं.

आता शेजारच्या वार्ताहराचं. त्याचा प्रश्न मुलापेक्षा अवघड आहे. पूर्वी बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं, आता फोनवरून फोटो आणि मजकूर जातो. पण गावच्या वार्ताहराची स्थिती फारशी बदललेली नाही. त्याला ओळखपत्र मिळतं, महिन्याला थोडं मानधन कबूल केलेलं असतं, आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर किंवा अंकांच्या एजन्सीवर सोडलेली असते. अर्धवेळ काम करणाराही श्रमिक पत्रकार असू शकतो, हे कायद्यात लिहिलेलं आहे. अट इतकीच की पत्रकारिता हा त्याचा मुख्य व्यवसाय हवा आणि त्याला त्या कामावर नेमलेलं हवं. त्याची मुख्य कमाई शेतीवर, दुकानावर किंवा पेपरच्या एजन्सीवर असेल, तर ही अट सिद्ध करणं जड जातं. कार्यालय पैशाला मानधन म्हणतं की पगार, यावर ते ठरत नाही. काम रोजचं आहे का, कोणाच्या सांगण्यावरून होतं, दुसऱ्या पेपरला बातमी द्यायची मुभा आहे का, हे पाहिलं जातं.

या कसोटीवर तो बसत असेल, तर मुलासाठी सांगितलेला मार्ग त्यालाही खुला आहे. बसत नसेल, तर कबूल केलेलं मानधन आणि कमिशन हे करारातलं येणं आहे, आणि ते दिवाणी न्यायालयात मागता येतं. त्यालाही साधारण तीन वर्षांची मुदत असते. म्हणून पंधरा वर्षांचा सगळा हिशेब मिळेल अशी आशा त्यानं धरू नये, पण गेल्या तीन वर्षांचा सोडूही नये. 'वार्ताहर, पुणतांबा' अशा नावानं छापलेल्या बातम्यांची कात्रणं त्यानं तारीखवार लावून ठेवावीत. म्हातारपणी राज्य सरकारच्या आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजनेसाठी अर्ज करायची वेळ आली, तर तिथेही इतकी वर्षं पत्रकारिता केल्याचा पुरावा मागतात. ग्रामीण पत्रकाराकडे नेमका तोच नसतो.

शेवटी, तुम्ही लिहिली नाही तरी तुमच्या मनात असणारी भीती : दावा केला आणि मुलाला काढून टाकलं तर? पगार मागितला म्हणून सूड उगवून काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे आणि त्याविरुद्ध स्वतंत्र दाद मागता येते. काढलं तरी थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत देण्याची जबाबदारी मालकाला चुकत नाही. तीन वर्षं पूर्ण झाली असती तर ग्रॅच्युइटीही निघाली असती. इतरांना साधारणपणे पाच वर्षं लागतात, श्रमिक पत्रकाराला तीन पुरतात. म्हणून दोन वर्षांवर नोकरी सोडायचा निर्णय रागाच्या भरात घेऊ नये.

आणि एक गोष्ट त्याला आजच फोन करून सांगा. 'सर्व येणे मिळाले' असं आधीच छापलेल्या व्हाऊचरवर किंवा कोऱ्या कागदावर त्यानं सही करू नये. कार्यालय थोडे पैसे पुढे करत असेल तर ते जरूर घ्यावेत. पण पावतीवर 'चार महिन्यांपैकी एका महिन्याचा पगार मिळाला, उरलेल्या तीन महिन्यांचे येणे बाकी' असं स्वतःच्या अक्षरात लिहून, तारीख घालून, तिचा फोटो काढून मगच सही करावी.